राक्षसाला शब्दातून कोण सोडवतं?

प्रिय भिंगरी,

…दूध तापवून ठेवलं होतं, बादलीभर कपडे पिळून दोरीवर घातले होते आणि तुझ्या बाबांची दाढी अर्धी झाली होती. उरलेल्या गालावर साबण तसाच ठेवून ते म्हणाले, आधी पान उलट, राक्षसाचं काय होतं ते बघू. दवाखान्यातून त्यांना घरी पाठवल्यानंतरची ती तिसरी सकाळ. तू त्या मंगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, प्रत्येक संवादाच्या फुग्याशेजारी पेन्सिलीने मराठी लिहून दिलं होतंस, म्हणून आम्हाला ती वाचता यायची. ती पुस्तकं उजवीकडून वाचायची असतात, पण पहिला भाग मी आपल्या सवयीने डावीकडून सुरू केला होता. राक्षस पहिल्याच पानावर मेला आणि शेवटच्या पानावर पाळण्यात. बाबा म्हणाले, बरंय, आमच्या बाईच्या हातून मेलेले उठून बसतात.

ते गेले त्याला दोन वर्षं होतील. पुढचे भाग मी एकटीने वाचले. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन दुकानांच्या पाट्यांवर आणि रद्दीवर झालं, त्यामुळे मला वाचायला वेळ लागतो. पण लागलेला वेळ वाया जात नाही. बाबांसाठी तू फोनवर चाहत्यांचा जो ग्रुप उघडून दिला होतास, तिथे मीही टोपणनाव घेतलं. सुईदोरा म्हणजे मी. हसू नकोस. तिथली मुलं मला दादा म्हणतात आणि मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

वाद सगळा गोष्टीतल्या नियमांवरून. कोणी बोलावल्याशिवाय देवाला त्याच्या घरात शिरता येत नाही. राक्षसाने दिलेला शब्द त्याला मोडता येत नाही. मोडला तर त्याची सावली गळून पडते. पण हे नियम घातले कोणी, ते अकरा भाग झाले तरी लेखकाने सांगितलेलं नाही. एकजण म्हणतो, नियम आभाळाइतके जुने आहेत. दुसरा म्हणतो, आभाळ तरी कुठे नियमाने वागतं? परवा एकाने लिहिलं, राक्षसांनी एखादा चांगला वकील का नाही केला? त्यावर कोणीतरी, अरे, वकील तर देवांनी आधीच अडवून ठेवलेत. मी पँटींच्या कडा दुमडता दुमडता हे वाचते आणि एकटीच हसते.

शनिवारी तुझ्या ऑफिसातली मैत्रीण स्कर्टची चेन बदलायला आली. मापं घेताना सहज बोलून गेली, काकू, तुमच्या लेकीला समुद्राच्या तळाचे नकाशे काढायचं काम मिळालंय, तीन वर्षं, लांबच्या बंदरात. तुम्ही तरी समजवा, ही नाही म्हणतेय, शुक्रवारी कळवायचंय. मी तोंडात टाचण्या धरल्या आणि जुनी चेन उसवायला घेतली. रविवारी तू आलीस, माझ्या औषधांचा डबा भरलास, पंखा पुसलास आणि यातलं अक्षरही काढलं नाहीस.

सोमवारी ग्रुपवर एका नव्या नावाने प्रश्न आला. मरणाऱ्याने आधी उशी सरळ करायला सांगितली आणि मग राक्षसाकडून शब्द घेतला. तो मेल्यावर राक्षसाला सोडवणार कोण? मुलांनी भराभर उत्तरं दिली. शब्द घेणाराच सोडवू शकतो, तो गेला म्हणजे कायमचं कुलूप. कोणी म्हणालं, सावली नसली म्हणून काय बिघडतं, ऊन तर लागतंच. मी अकराही भाग दोनदा वाचलेत, भिंगरी. त्यात उशी कुठेच नाही.

उशी आपल्या घरातली. बाबांच्या शेवटच्या दिवसांतल्या त्या संध्याकाळी तू ती सरळ केलीस, बाबांनी तुझा हात धरला आणि म्हणाले, आईला सोडून लांब जाऊ नकोस. तू हो म्हणालीस. मी दारातच उभी होते. तू हे कधी मला बोलली नाहीस, मीही नाही.

हेच तोंडावर सांगायला बसले तर तू मला मध्येच अडवशील आणि मी अडेन, म्हणून लिहिते आहे. तो शब्द बाबांचा नव्हता. दुपारी मीच त्यांच्यामागे लागले होते, तुम्ही मागा, तुम्हाला ती नाही म्हणणार नाही. ते म्हणाले, पोरीच्या पायात दोरी कशाला बांधतेस? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, मुद्दाम ऐकू जाईल असं. मग त्यांनी मागितला. मला एकटं राहायची भीती वाटत होती, आणि मरणाऱ्या माणसाच्या तोंडून मी ती तुझ्यावर घातली. नियम कोण घालतं ते मला त्या मुलांपेक्षा आधी ठाऊक होतं. ज्याने शब्द मागायला लावला तो जिवंत असेल, तर सोडवणं त्याच्याच हातात. मी तुला सोडवते आहे. रागावलीस तरी चालेल. रागावून जा, पण जा. शुक्रवारी हो कळव. सोमवारी तुझा प्रश्न वाचल्यावर मी शिवणयंत्रावर कापड टाकलं आणि लवकर झोपले. मंगळवारी सकाळी खाली जाऊन तळमजल्यावरच्या नर्सबाईंना घराची जादा किल्ली दिली, अडीअडचणीला त्या वर येतील.

तुझीच,
आई