दाराबाहेरचं मिनिट

तीर्थरूप आत्यास,

दाराबाहेरूनच साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांच्या कानातलं पीठ एव्हाना निघालं असेल असं धरून चालतो. (नसेल तर पाणी घालू नकोस, खळ होईल.)

त्या दुपारी तू काही ऐकून न घेता मला घालवून दिलंस, म्हणून ही लेखी कैफियत. आम्ही एक स्वीडिश पिशाच्चपट मराठीत आणतोय आणि आवाजांचं काम माझ्याकडे आहे. तुला वाटतो तसा तो सुळे आणि किंकाळ्यांचा सिनेमा नव्हे. दोन तासांत रक्त दिसतं ते चमचाभर. बाकी नुसता बर्फ, पिवळे दिवे, रिकामा जिना आणि बोलताना तोंडातून निघणारी वाफ. कोणी काही करत नाही, त्याचीच भीती वाटते. आता मूळ संवाद काढले की त्याबरोबर बाकीचे आवाजही जातात, मग बर्फावरच्या पावलांचा आवाज आणायचा कुठून? मी बर्फ पाहिलाय तो फ्रिजमधला. (हे आमच्या स्टुडिओच्या मालकांना ठाऊक नाही.) मक्याचं पांढरं पीठ, म्हणजे तुझं कॉर्नफ्लॉर, कापडात भरून दाबलं की हुबेहूब तसं करकरतं, हे कळल्यावर मी तुझा अख्खा डबा तुझ्याच उशीच्या अभ्र्यात रिकामा केला आणि आतोबा झोपले होते त्या खोलीत त्यावर चालू लागलो, कारण तेवढी शांतता दुसरीकडे कुठे नव्हती. अकराव्या पावलाला अभ्रा फाटला. पंखा मी आधीच बंद केला होता, पण उकडलं म्हणून आतोबांनी अर्धवट झोपेत बटण दाबलं. (हे तुला त्यांनी सांगितलं नसणार.) पुढे शेजारच्या डॉक्टरांनी पिठाने पांढऱ्याफटक झालेल्या त्या निजलेल्या माणसाची नाडी धरली, आतोबा शिंकले आणि डॉक्टर किंचाळले. ती किंकाळी माझ्याकडे रेकॉर्ड झालीय, पण या सिनेमात तिला जागा नाही.

खरं संकट शेवटच्या प्रसंगाचं आहे. पिशाच्च झालेली मुलगी एका म्हातारीच्या दारात येते. घरच्यांनी बोलावल्याशिवाय पिशाच्चाला आत पाऊल टाकता येत नाही. दारात कोण आहे हे म्हातारीला पुरतं ठाऊक असतं, तिला रागही असतो. ती पूर्ण मिनिटभर नुसती बघत राहते आणि मग म्हणते, "ये आत." बस्स. मालक म्हणतात, एवढ्या शांततेत लोकांना मशीन बिघडलंय असं वाटेल, तिथे ढोल वाजवा. मी सांगितलं, ढोल वाजला तर पडद्यावरून माझं नाव काढून टाका. शेवटी ठरलं की शुक्रवारपर्यंत मी हे दोन शब्द असे आणायचे, की त्यांच्यासाठी मिनिटभर थांबावंसं वाटेल. तीन नट्या झाल्या. पहिलीने दुकानात गिऱ्हाईक बोलावल्यासारखं म्हटलं, दुसरी रडली, तिसरीने पदरचा 'गं बाळा' जोडला. मी मात्र हटणार नाही.

बाकी ठीक. आतोबांना नमस्कार, डॉक्टरांना दिलगिरी.

तुझा (अजूनही) भाचा

ता.क. हे दोन शब्द तू म्हणायचे आहेत. लहानपणी कुणाची काच फोडून आलो की तू दार उघडून तशीच बघत राहायचीस आणि मग म्हणायचीस. तो आवाज कुठल्याच नटीकडे नाही.

आणखी एक ता.क. हे पत्र मी दाराखालून सरकवलंय. बाहेर जिन्यावर बसलोय, मक्याचं पीठ नवं आणलंय, माईक चालू आहे. घाई करू नकोस, पूर्ण मिनिट घे. पण नुसतं सिनेमासाठी म्हणू नकोस, आत्या. अठरा दिवस झाले, मला घरात यायचंय.