वरचा माणूस

मंगळवार, ४ मार्च

सकाळी ९ वाजून ४० मिनिटं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर फ्रीज घेऊन उभा होतो. मी वर, दादा खाली. उजव्या हाताची बोटं उघडली. मी उघडली नाहीत — आपोआप उघडली! पट्टा वीतभर सरकला. फ्रीज दादाच्या खांद्यावर बसला. तो भिंतीला टेकला म्हणून वाचला. त्याच्या मागे सोळा पायऱ्या होत्या. नंतर मोजल्या.

"काय रे, वर झोप लागली का?" एवढंच म्हणाला. घरमालकीण हसली. मीही हसलो.

संध्याकाळी खांदा काळानिळा. वहिनी शेकत होती. दादाने पेला माझ्यापुढे सरकवला — "घे. शेकबिक बायकांचं. खरं औषध हे." घेतलं. दोन घेतले.

बुधवार, ५ मार्च

आमच्याकडे येणारी कामं बिनलिफ्टच्या इमारतींतलीच. लिफ्ट असती तर आम्हाला कुणी विचारलं असतं! दोघांपैकी बळकट माणूस खाली राहतो, भार त्याच्यावर. वरचा ओढतो आणि तोल धरतो. वरच्याने सोडलं तर खालच्याला पळायला जागा नसते. हे सहा वर्षं माहीत आहे. भीती कालपासून वाटते.

सकाळी मी शुद्धीत असतो. बोलणं नीट, चाल नीट. मग बोटं का उघडली?

शुक्रवार, ७ मार्च

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं. त्याने मनगट धरून घड्याळ पाहिलं. बसल्या जागी ९४.

"रोज किती?"

"दोन. कधी तीन."

म्हणाला, "नशा उतरते रे. पण झोप कच्ची होते, अंगातलं पाणी जातं, दमलेला स्नायू भरून येत नाही. तू रोज कालचंच अंग घेऊन कामावर जातोस."

घरी येताना जिन्याचा कठडा धरून आलो.

रविवार, ९ मार्च

मागच्या अंगणातल्या लोखंडी दांडीला लटकून पाहिलं. बोटं सुटेपर्यंत मोजायचं. काल रात्री तीन पेले झाले होते. ३१ सेकंद. परत केलं — २२.

हे नीट करायचं. रोज सकाळी सहाला, आधी नाडी, मग दांडी. आणि आजपासून घ्यायची नाही.

दादाला सांगायचं नाही. त्याच्यासमोर नाही म्हणायची माझी छाती नाही. वडील गेल्यावर त्यानेच मला हाताला धरून कामावर नेलं. पहिला पेलाही त्यानेच दिला, "आता तू कामाचा झालास" म्हणून.

मंगळवार, ११ मार्च

सोड्यात काळा चहा घातला. रंग तंतोतंत दारूचा! आता माझा पेला मीच आतून भरून आणायचा. ओतताना वहिनीने पाहिलं. मी गारठलो. तिने गाळणी पुढे केली.

बुधवार, १२ मार्च

झोप नाही. चादर घामाने ओली. ३४ सेकंद.

रविवार, १६ मार्च

नाडी ८२. दांडी ४९!

काल दुसऱ्या मजल्यावर कपाट चढवलं. बोटं मिटलेलीच राहिली. पण प्रत्येक पायरीला वाटत होतं, आता उघडतील. स्वतःच्या हाताचीच भीती! जणू दुसऱ्या कुणाचा हात माझ्या मनगटाला लावलाय, आणि त्याचा स्वभाव मला ठाऊक नाही.

रविवार, २३ मार्च

नाडी ७४. दांडी ६८.

मला आता धाप लागत नाही. म्हणून दादाची ऐकू येते. दर मजल्याला म्हणतो, "थांब, पट्टा नीट करतो." पट्टा नीटच असतो. मी वरून बघतो ना.

हे आधीपासून असेल. माझ्याच धापेत कळलं नसेल.

बुधवार, २६ मार्च

टेम्पोवाल्याला दादा सांगत होता, "आमच्या बारक्याकडे बघ! रोज माझ्याबरोबर पेल्याला पेला लावतो आणि गडी कसा रेड्यासारखा झालाय. लोक उगाच दारूला नावं ठेवतात."

टेम्पोवाला म्हणाला, "मग मलाही बसवा की तुमच्या शाळेत!"

सगळे हसले. दादाने माझ्या दंडावर थाप मारली.

संध्याकाळी त्याने चौथा भरला. तिसऱ्यावर थांबायचा तो. माझ्याकडे बघत भरला आणि म्हणाला, "तुला काही होत नाही, तर मला काय होतंय!"

मी समोर चहा पीत बसलो होतो.

गुरुवार, २७ मार्च

आज सांगणार होतो. दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा पाणी मागितलं. दुसऱ्यांदा चावी कुठे आहे ते विचारलं.

त्याला वाटेल, मी पंधरा-वीस दिवस त्याला वेड्यात काढलं. काढलंच आहे. आणि वहिनीलाही ठाऊक होतं हे कळलं तर? घरात तोच एकटा येडा ठरला, असं म्हणेल. ओरडला तरी चालेल. गप्प बसला तर काय करू?

शुक्रवार, २८ मार्च

वहिनी भांडी पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊजी, सांगून टाका आता."

"उद्या सांगतो."

"उद्याचं काम कितव्या मजल्यावर आहे?"

मी सांगितलं. तिच्या हातातली थाळी तशीच राहिली.

बाहेरून दादाने हाक मारली, "बारक्या, तुझा पेला गरम होतोय!" गेलो. बसलो. नाही सांगितलं. त्याचे पाच झाले. मी मोजले.

शनिवार, २९ मार्च

सकाळी ६ वाजून १० मिनिटं. दांडी ७५. लोखंडी कपाट आहे, चौथा मजला, जिना अरुंद. दादा आत्ताच दारात येऊन गेला, डोळे लाल. म्हणाला, "आजपासून खाली तू. आता तूच बळकट."