दाबाचं घड्याळ भावजयीला

मी खाली सही करणारा, गळाने मासे धरून पोट भरणारा, पन्नाशीला टेकलेला, देवाच्या कृपेने पूर्ण शुद्धीवर आणि बायकोच्या मते निम्माच जागा, हे स्वखुशीने लिहीत आहे. परवा डॉक्टर माझी छाती उघडणार आहे. बंद करायला विसरला तर, म्हणून ही सोय.

घर बायकोचं. त्यात तिने मला इतकी वर्षं राहू दिलं, त्याबद्दल आभार. देवाशी माझं काय ते मी समोरासमोर बोलेन.

होडी आणि गळ धाकट्या भावाला. तो आत्ता समोर बसला आहे, पायात बूट घालून. सकाळपासून हवेचा दाब उतरतो आहे, आणि दाब उतरला की तळ्यातले मासे हपापल्यासारखे खातात. वादळानंतर दाब चढला की तोंड शिवून तळाशी बसतात. हे त्याला मीच शिकवलं. ‘मासे तुटून पडले की वादळ आलंच, घरी फिर’ हे पुढचं वाक्य त्याने ऐकलंच नाही.

“दादा, होडीचं झालं ना? मग निघतो.”

“बैस. अटी राहिल्यात.”

अट अशी: दाबाचं घड्याळ, म्हणजे भिंतीवरचं काट्याचं पितळी यंत्र, त्याच्या बायकोला. काटा ‘वादळ’कडे झुकला की ती त्याला उंबरा ओलांडू देत नाही. म्हणून गेल्या वर्षी या शहाण्याने काच काढून काटा ‘निरभ्र’वर मेणाने चिकटवला. बाहेर पत्रे उडत होते आणि घड्याळात ऊन पडलं होतं. हा उलटलेल्या होडीला मिठी मारून परत आला आणि वर म्हणतो, “पण मासे काय खात होते!”

भावजय तेव्हा म्हणाली, “भाऊजी, घड्याळ अगदी ह्यांच्यावर गेलंय. काहीही होवो, हसतंय.”

मेण मी खरवडलं आहे. यापुढे होडी तिच्या परवानगीनेच सुटेल.

मेहुण्याला काही नाही. गुडघा दुखला की वादळ येतं, असं तो सांगतो. त्याचा गुडघा काम निघालं की दुखतो. तो त्याने स्वतःकडेच ठेवावा.

“दादा, मासे थांबायचे नाहीत.”

“नकोत थांबू. तू थांब.”

माझा रेनकोट बर्फवाल्याला. तो साक्षीदार म्हणून आला आहे आणि मी सांगितल्याप्रमाणे दारात आडवा बसला आहे.

आत्ताच वाऱ्याने खिडकी आपटली. तळं पांढरं झालं आहे. धाकट्याने बूट काढले. छत्री, खुर्ची आणि किटली यांच्याबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं होतं. आता त्याची गरज राहिली नाही.

सही: थोरला
साक्षीदार: बर्फवाला (दारातून), शेजारचा शिंपी (दुसरा चहा घेऊन)
स्थळ: तळ्याकाठचं घर, पुढची खोली
दिनांक: बुधवार, काटा तळाला, सगळे घरात