ओवाळणीचा मासा

रत्नागिरी, २ ऑक्टोबर १९८३

ती. ताईस, दिनूचा सा. न. वि. वि.

तुझ्या प्राणिशास्त्राच्या ऑफिससाठी एक अजब मासा बर्फात घालून पाठवतोय. मुशीच्या गणगोतातला वाटतो, पण डोळे हिरवे, दात सशाचे, शेपूट उंदराची आणि कपाळावर गळासारखा वाकडा आकडा. लांब, खोल पाण्यात एकदाच जाळं सोडलं, त्यात आला. तांडेल म्हणाला, परत सोडा, याला वर आणणं बरं नव्हे. मी हसलो. तेव्हापासून तो माझ्या बोटीवर पाय ठेवत नाही.

कुमुद विचारते, वन्संना यंदा भाऊबीजेला काय हवं? लगेच कळव आणि माया असू दे.

दिनू

सरोजिनी नगर, दिल्ली, १२ ऑक्टोबर

चि. दिनूस, अ. आ.

मासा पोचला. उल्का बरणीत डोकावून म्हणाली, मामाने भूत भेजा है. कपाळावरचा आकडा म्हणजे नर. साहेब म्हणतात, जात नवी असू शकेल, पण मादी पाहिल्याशिवाय बिल्कुल काही सांगता येणार नाही. तेव्हा साडी नको, ओवाळणीत मादी हवी. दरवर्षी बाल्कनीतून चंद्राला ओवाळून कंटाळले, तूच घेऊन ये. कुमुदला सांग, नणंद हावरट आहे.

लोभ आहेच, तो वाढव.

ताई

दिल्ली, २२ ऑक्टोबर

चि. दिनूस, अ. आ.

तुझं उत्तर नाही. रेडिओवर समुद्रात वादळाचं सांगताहेत. अरे, मी थट्टेत लिहिलं होतं. बहिणीचा शब्द तू कधी खाली पडू देत नाहीस, म्हणूनच जीव घाबरा झालाय. मला मासा नको. बाजारातून मीच साडी आणली आणि दिनूने दिली म्हणून सगळ्यांना दाखवली. ओवाळणी पोचली असं समज. किनाऱ्यावरच राहा, तार कर. एवढं ऐक माझं.

ताई

रत्नागिरी, २९ ऑक्टोबर

ती. वन्संना, कुमुदचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा बोट गेली होती. तांडेल मिळेना, म्हणून ह्यांनीच सुकाणू धरलं. मी अडवलं तर म्हणाले, ताईने जन्मात पहिल्यांदा काही मागितलंय.

वादळाच्या तोंडावर दुसरी एक बोट परतली. तिच्याबरोबर ह्यांनी बर्फाची पेटी पाठवली होती, वर तुमचं नाव. जाळं गोळा करून मागोमाग येतो, असा निरोप होता. वादळ येऊन गेलं. ते आले नाहीत. बंदरावरच्या बायका आता माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

पेटीतल्या माशाच्या कपाळावर आकडा नाही. तुमचा आहे, पाठवतेय. मला तो घरात नको.

रागावले आहे मी तुमच्यावर, खोटं कशाला लिहू. पण एक मागते. भाऊबीजेला पाट मांडा, ताट करून ठेवा. यंदा चंद्राला ओवाळू नका.

मला अंतर देऊ नका.

कुमुद