कोसमगडच्या पायऱ्या ओल्या का

१० जानेवारी २०२५, सकाळी ६
नवीन डायरी. सावली गावातल्या दुकानदाराने मागच्या सालची दिली. म्हणाला, तारखा खोडून लिहा. खोडून लिहितोय.

काल मीटिंग झाली. 'मोहबन रिट्रीट'च्या मॅनेजर दिव्यानी मॅडम आणि हेरिटेज गाइड म्हणून मी. तिसरं कोणी नव्हतं. मुद्दे दोन. एक, कोसमगडाच्या टूरवर पाहुणे कंटाळतात, तिथे एखादी 'स्टोरी' पाहिजे. दोन, नदीवरची फिशिंग ट्रिप मनसाराम गेला तेव्हापासून बंद आहे, ती फेब्रुवारीत चालू करायची. दोन्ही जबाबदाऱ्या माझ्यावर. मी म्हणालो, होऊन जाईल. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, माणसं नेणं-आणणं मला नवीन नाही.

मनसाराम म्हणजे आमचा नावाडी. डोंगा त्याचा, जाळं त्याचं. माझा शाळेपासूनचा दोस्त. मागच्याच्या मागच्या ऑक्टोबरमध्ये वैनगंगेत पाय घसरून गेला. दुर्दैव. विषय संपला.

संकल्प: किल्ला रोज चढणे. तंबाखू बंद. मागचं उगाळत न बसणे.

१३ जानेवारी, दुपारी ३
टूर उत्तम. पुण्याचे सहा पाहुणे, सगळे रिट्रीटच्या मौनव्रतात. दीड तास बोललो, एकानेही अडवलं नाही. असे श्रोते एसटीत कधी मिळाले नाहीत. एकाचे डोळे मिटलेले होते. एकाग्रता.

एक किरकोळ गोष्ट. वरच्या दरवाज्याच्या पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे होते. अनवाणी. पाहुण्यांच्या पायात बूट. गडावर पाण्याचा थेंब नाही, टाकं दिवाळीलाच आटलं. कोणाची तरी बाटली गळत असावी. बाटलीला पाय नसतात हे मलाही कळतं. पण गळलेल्या पाण्याला कसलाही आकार येतो.

तंबाखू एकदाच. चढ होता म्हणून.

१५ जानेवारी
स्टोरी तयार! एका बैठकीत लिहिली. गोंड राजाची राणी डोंग्यातून नदी पार करत असते. वारा येतो, तिचा शेला उडून पाण्यात पडतो. राजा नावाड्याला म्हणतो, जा, आण. नावाडी उडी मारतो आणि वर येत नाही. तेव्हापासून तो भर दुपारी ओलाचिंब होऊन गडाच्या पायऱ्या चढतो. राजाला शोधतो.

पूर्ण काल्पनिक. कोणत्याही जिवंत वा मृत व्यक्तीशी संबंध नाही. मॅडमना वाचून दाखवली. अंगावर काटा आला म्हणाल्या. मला हे सुचतं कसं, असंही विचारलं. प्रतिभा, दुसरं काय.

१८ जानेवारी
नावाडी शोधायला घाटावर गेलो. इसरू जाळं शिवत होता. म्हटलं, येतोस का, पाहुण्यांना मासे धरून दाखवायचे. मान वर न करता म्हणाला, "डोंगा इंदिराबाईचा हाये. तिलेच इचारा ना, कंडक्टर."

इंदिराबाई म्हणजे मनसारामची बायको. तिच्या गल्लीत कुत्रे फार आहेत. शिवाय ती कामात असेल. बाईमाणसाला कामात त्रास देणं बरं नाही. पुढच्या आठवड्यात पाहू.

मनसारामच्या तेरवीलाही जायचं होतं तेव्हा. ताप होता. अंगात जाणवत होता, थर्मामीटरमध्ये आला नव्हता इतकंच.

२३ जानेवारी
स्टोरी हिट. मॅडमनी ती ऑनलाइन टाकली, 'विदर्भातला झपाटलेला किल्ला'. बुकिंग वाढलं.

पायल नावाची नागपूरची एक पाहुणी दोनदा टूरला आली. म्हणाली, "अंकल, काल राजा म्हणाला होता 'जा, आण'. आज तुम्ही म्हणालात नावाडी स्वतःहूनच उतरला. नक्की काय?"

मी म्हणालो, लोककथेत पाठभेद असतात. मग तिला खाली पाठवून मी मागे थांबलो, दरवाजा बघायला. साडेबाराची वेळ. ऊन टळटळीत. दरवाज्याच्या आतून कोणीतरी घसा खाकरला. तीनदा. दोन लहान, एक लांब.

वानर असणार. वानरांना सर्दी होत असावी.

मनसाराम तसाच खाकरायचा, हे फक्त नोंद म्हणून.

तंबाखू सहा वेळा.

२७ जानेवारी
मॅडमनी मला न विचारता मोठा निर्णय घेतला. स्वतःच इंदिराबाईकडे गेल्या. इंदिराबाई डोंगा चालवायला तयार. रविवारी पहिली ट्रिप. कॉमेंट्री माझी.

कंबर दुखायला लागली. मॅडमना सांगितलं. त्यांनी मलम दिलं.

३० जानेवारी
आज टूर नव्हती. तरी गडावर गेलो, संकल्प म्हणून. पायऱ्या ओल्या. खालपासून वरपर्यंत. पहिल्या पायरीवर नदीतल्या शेवाळाची एक काडी. हाताने उचलली. ओली होती, थंड होती.

पक्षी आणतात. घरट्यासाठी.

उतरताना मागे वळून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतंच.

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ११
सगळं लिहून काढतो.

सात वाजता घाटावर पोचलो. धुकं होतं. चार पाहुणे, मॅडम आणि मी. इंदिराबाई डोंग्याच्या टोकाला बांबू घेऊन उभी. साडीचा काष्टा घट्ट मारलेला. मला म्हणाली, "या, गुणवंतभाऊ." एवढंच. मी तिच्याकडे पाठ करून बसलो, कॉमेंट्रीसाठी तोच अँगल चांगला होता.

दोनदा जाळं टाकलं तिने. रोहू आली, झिंगे आले. पाहुणे खूश. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, आता गुणवंत सर ती नावाड्याची गोष्ट सांगतील, इथेच, पाण्यावर.

मी म्हणालो, वारा आहे. वारा नव्हता.

सांगितली. राणी, शेला, नावाड्याची उडी. बांबू पाण्यात पडण्याचा आवाज मागून येत होता, तो थांबला. डोंगा आपोआप वाहायला लागला. इंदिराबाई म्हणाली, "मंग राजा का म्हनला?"

मी म्हणालो, राजा काही म्हणाला नाही.

"काहीच नाई? मंग थो काऊन उतरला? पानी त दिसूनच राह्यलं होतं त्याले, केवढं भरून होतं थे."

पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे. एकाने मोबाइल काढला.

मी म्हणालो, नावाडी धाडसी होता.

"धाडसी नाई, भाऊ. थो पान्याले भेत होता. रोज नदीवर जानारा मानूस पान्याले भेतेच."

मग मी मागे वळलो. तिच्या तोंडाकडे सव्वा वर्षात पहिल्यांदा पाहिलं. वाटलं होतं चिडलेली असेल. नव्हती. उत्तराची वाट पाहत होती फक्त.

म्हणालो, "म्हटलं. राजानं म्हटलं, जा. दोन मिनिटांचं काम आहे. साहेब नाराज होतील."

साहेब हा शब्द गोष्टीत नव्हता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला थांबता आलं नाही. शेला नव्हता, टोपी होती. निळी. कोण्या कंपनीच्या पाहुण्याची. तो म्हणतही होता, राहू द्या, राहू द्या. मीच म्हणालो, आमच्याकडे पाहुण्यांची वस्तू जात नसते. मनसाराम पाण्याकडे पाहून म्हणाला, "कंडक्टर, धार लय हाये." मी म्हणालो, शाळेत तर मोठा पोहायचास, आता म्हातारा झालास का. हसलो सुद्धा. मग तो उतरला.

पाय घसरला नव्हता.

इंदिराबाईने बांबू पुन्हा पाण्यात घातला. "हव," म्हणाली. "इसरूनं बी हेच सांगतलं, तिसऱ्याच दिवशी."

इसरू त्या दिवशी काठावर होता. तिला तिसऱ्या दिवसापासून माहीत आहे. घाटावर सगळ्यांना माहीत आहे. मी जे सव्वा वर्ष लपवत होतो ते फक्त या डायरीपासून लपलं होतं. डायरीही महिन्याभराचीच.

उतरल्यावर मी तिच्या मागे गेलो. माफी मागायची होती, वाक्य जुळवून ठेवलं होतं. ती जाळं झटकत होती. म्हणाली, "तेरवीले मी तुमचं पान वाढून ठेवलं होतं. दुपारपावतर वाट पाह्यली. मंग गाईले घातलं."

वाक्य राहून गेलं.

"ट्रिप मी करतो," ती म्हणाली. "काम लागते मले. पन तुमी डोंग्यात येऊ नोका. तुमी वरतंच राहा, गडावर."

हो म्हणालो.

३ फेब्रुवारी
मॅडमनी ऑनलाइनवरची गोष्ट काढली नाही. बुकिंग आहेत.

तरी हलकं वाटतंय. बोलून टाकलं की संपतं म्हणतात. उद्या गडावर जाऊन त्यालाही सांगणार. भाषण तयार केलंय. तो ऐकेल, खाकरेल आणि मग जाईल. आपापल्या वाटेने. रीतसर निरोप. यात मला शंका नाही.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
काल बारा वाजता गडावर पोचलो. पायऱ्या कोरड्या. धूळ. दरवाज्यात बसलो. साडेबारा झाले, एक झाला. खाकरणं नाही. एक वानर आलं, बघून गेलं. त्याला सर्दी नव्हती.

हाक मारली. आधी हळू, मग मोठ्याने. मनसाराम, मी आलोय रे. भाषण म्हणून दाखवलं. कोणाला दाखवलं माहीत नाही. तंबाखूची पुडी काढून बाजूच्या दगडावर ठेवली, त्याचा वाटा. अडीचपर्यंत तशीच होती.

आज परत गेलो. आजही कोरड्या.

ओल्या होत्या तेव्हा मी भ्यालो होतो हे आता लिहायला हरकत नाही. पण तेव्हा तो रोज येत होता.

चारच्या टूरला आठ जण होते. मी गोष्ट सांगितली नाही. दगड दाखवले, टाकं दाखवलं. गड कोणी बांधला, नक्की माहीत नाही म्हणालो. वीस मिनिटांत संपलं. अकोल्याच्या एक बाई पायऱ्यांवर थांबून विचारत होत्या, इथे तो नावाडी येतो ना? दिसतो का कधी?

नाही म्हणालो. इथे कोणी येत नाही.

त्या म्हणाल्या, पण ऑनलाइन तर लिहिलं होतं.

मी सॉरी म्हणालो.