पिस्टनचं वरचं टोक सापडलं!

लुकांग, बुधवार, दुपार

ती. तिंगहाय दादांना वनछावचा नमस्कार. आधी नमस्कार घ्या, मग वाटलं तर पत्र फाडा. पण फाडायच्या आधी निदान दुसऱ्या पानापर्यंत या, कारण इकडे फार मोठी गोष्ट घडली आहे! तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर? पिंगतुंगला उकाडा म्हणे फार आहे, जपून राहा. आम्ही इकडे बरे आहोत. युएछिनचं (म्हणजे तुमच्या बहिणीचं) डोकं अधूनमधून दुखतं, पण ते माझ्यामुळे, हवेमुळे नाही. माझा आवाज ऐकला की तुम्ही फोन ठेवून देता, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

रविवारी यीरूचं लग्न आहे हे युएछिननं तुम्हाला कळवलंय, आणि तुम्ही त्यावर नुसतं "बघू" म्हणालात तेही माझ्या कानावर आलंय. भाचीनं हट्ट धरला आहे की ती घराबाहेर पडेल तर आजोबांच्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्या, पांढऱ्या गाडीतूनच. व्याही मंडळींनीही मान डोलावली. आता ती गाडी म्हणजे आपल्या दोघांचं दुखणं. अकरा वर्षांपूर्वी, नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, सासुरवाडीच्या पंगतीत मी म्हणालो होतो की इंजिन म्हणजे शुद्ध गणित, त्यात मेकॅनिकचं एवढं कौतुक कसलं. तुम्ही उठलात, गाडीची किल्ली माझ्या माशाच्या सूपमध्ये टाकलीत आणि म्हणालात, "मग ने, आणि चालव गणितानं!" (किल्लीला अजून आल्याचा वास येतो.) तर मी नेली, आणि चालवलीही. पण गेल्या आठवड्यात मला लग्नासाठी गाडी सजवायची हुक्की आली आणि प्लगांना ठिणगी वाटणारा तो डिस्ट्रिब्युटर उपसून मी तो घासूनपुसून लखलखीत केला. उपसताना तो कसा बसला होता त्याची खूण केली नाही. हसा, मनसोक्त हसा. तुमच्या जागी मीही हसलो असतो.

तुम्हाला सांगायला नको, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही: पहिला पिस्टन अगदी वर कधी येतो ते कळल्याखेरीज डिस्ट्रिब्युटर परत बसवता येत नाही. (तुम्ही कारागीर त्या जागेला जे नाव देता त्यात मरणाचा उल्लेख आहे. लग्नघर आहे, म्हणून मी आपलं वरचं टोक म्हणतो.) मी प्लग काढला, भोकात चॉपस्टिक उभी सोडली आणि खालचं चाक पान्यानं फिरवू लागलो. काय सांगू दादा, चॉपस्टिक हळूहळू वर येते! मी वाकून डोळा लावून बसलो होतो, तेवढ्यात मागून युएछिननं अशी किंकाळी फोडली की पाना पायावर पडला. "लग्नाला चार दिवस उरलेत आणि तुम्ही मेलेल्यांच्या भातात खोचतात तशी चॉपस्टिक उभी खोचून बसलात? कुणाचं पिंडदान चाललंय?" मी म्हटलं, अगं, हा भात नाही, सिलिंडर आहे. ती म्हणाली, उभी म्हणजे उभी, पूर्वजांना काय कळणार खाली भात आहे की सिलिंडर! चॉपस्टिक हिसकावून ती अपशकुन घालवायला मीठ शिंपडायला गेली. पण तोवर माझ्या मते मला टोक सापडलं होतं. बसवला डिस्ट्रिब्युटर, फिरवली किल्ली.

फाट्! फट्-फट्-फटाड्! सायलेन्सरमधून एका दमात सात-आठ बार निघाले. आता आमच्या गल्लीत एवढे बार एकदम वाजले की त्याचा अर्थ एकच, फटाके उडवत नवऱ्याकडच्या गाड्या आल्या. समोरच्या ल्याव काकू (मुलगी गाडीत बसेपर्यंत तिच्या डोक्यावर चाळण धरायचा मान त्यांचा, पाच मुलगे आणि हयात नवरा, म्हणून) केसांत अर्धे रोलर, पायात दोन वेगळ्या चपला अशा अवतारात चाळण घेऊन धावत आल्या. यीरू मागच्या नळावर केस धूत होती. काकूंनी तिच्या फेसाळलेल्या डोक्यावर चाळण धरली, तिचा दंड पकडला आणि रडायलाच लागल्या. "मुहूर्त बदलला, तरी मला सांगावंसं वाटलं नाही ना कुणाला? तुझ्या बापाला गणित येतं, माणुसकी येत नाही!" यीरू ओरडतेय, "काकू, डोळ्यांत साबण गेला हो!" आणि काकू म्हणतायत, "रड बाई, माहेर सोडताना रडावंच." त्यांना शांत करायला दोन वाट्या गोड चहा आणि अर्धा तास लागला. मला मात्र कुणी चहा दिला नाही.

पण दादा, त्या अर्ध्या तासातच माझं डोकं चाललं! मी ओसरीवर बसून विचार केला, की चॉपस्टिक टोकाजवळ आल्यावर जवळजवळ थांबते. चाक दोन बोटं फिरतं आणि ही जागची हलत नाही. म्हणजे टोकावर डोळा लावून टोक कधीच सापडायचं नाही! मी एका जुन्या प्लगमध्ये लांब बोल्ट बसवून तो भोकात पिळला, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या आधीच अडेल. चाक हलक्या हातानं उजवीकडे फिरवलं. अडलं. खडूची खूण. मग डावीकडे, पुन्हा अडेपर्यंत. दुसरी खूण. दोन्हींचा बरोबर मध्य, तेच टोक! मी तिथल्या तिथे उडी मारली. वय बासष्ट, उडी वीतभर, पण मारली.

तरी बार का वाजले? कारण पिस्टन दोनदा वर येतो, एकदा दम कोंडून आणि एकदा नुसताच धूर बाहेर ढकलायला. गणिताच्या दृष्टीनं दोन्ही टोकं सारखीच. माझी चूक ती. बोल्ट काढला, भोकावर अंगठा ठेवला, चाक फिरवलं. एका फेरीला काहीच नाही. पुढच्या फेरीला आतून हवेनं माझा अंगठा असा उडवला की मी ओरडलोच, "आली! आली!" यीरू ओल्या केसांनी धावत आली, तिनंही अंगठा ठेवला आणि खिदळली. म्हणाली, "बाबा, मामा मला लहानपणी हेच दाखवायचा. दम कोंडलेला पिस्टन ओळखायचा अंगठ्यानं." गणिताला अंगठा नसतो, दादा. हे मी अडतीस वर्षं शाळेत शिकवलं नाही. डिस्ट्रिब्युटर काढून या टोकाला पुन्हा बसवला, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली!

तर अशी ही विजयाची वार्ता. वहिनींना नमस्कार.

तुमच्या बहिणीचा (अजूनही) नवरा,
वनछाव

ता. क. खडूच्या दोन खुणांच्या मध्यावर रंग लावायचा म्हणून चाकावरचं काळं रॉकेलनं पुसलं. खाली कानशीनं पाडलेली बारीक खाच निघाली, अगदी माझ्या मध्यावर, केसाचाही फरक नाही. शेजारी तुमच्या नावाचं अक्षर कोरलेलं. आधी पुसलं असतं तर सगळी सकाळ वाचली असती. त्या दिवशी पंगतीत मी जे बोललो ते चुकीचं होतं. हे समोर उभं राहून बोलायला मला जमणार नाही, म्हणून ता. क. मध्ये लिहितो.

आणखी एक. मामा बसल्याशिवाय पंगत सुरू होत नाही हे मी तुम्हाला काय सांगणार. बावीस टेबलं आहेत. युएछिन रोज मुख्य टेबलावरच्या तुमच्या नावाची चिठ्ठी लिहिते आणि परत फाडते.

शेवटचं. पत्र लिहून झाल्यावर मी शेडमध्ये गेलो आणि डिस्ट्रिब्युटर पुन्हा उपसला. चाकही थोडं फिरवून ठेवलं. तो ओसरीवर वर्तमानपत्रावर ठेवलाय. घरात कुणाला सांगितलेलं नाही. मला परत बसवता येईल का, तर येईल. पण बसवणार नाही. मुहूर्त रविवारी सकाळी साडेनऊचा, तेव्हा शनिवारी दुपारपर्यंत या. जेवायला माशाचं सूप आहे, आणि किल्ली मी तुमच्या वाटीशेजारी ठेवतो.