बाबांनी लिहिलेली एक्केचाळिसावी फाइल

५ मार्च, सोमवार

बाबांचं पुस्तक गेलं. माझ्या हातून!

कॉम्प्युटर नुसता रांगत होता म्हणून काल साफसफाई काढली. जुने फोटो, दोन-दोनदा उतरवलेली गाणी, कसले कसले फॉर्म — सगळं उडवलं. वर कचरापेटीही रिकामी केली. आत काय आहे ते पाहिलंसुद्धा नाही. आज सकाळी बाबा म्हणाले, "पुस्तक दिसत नाहीये गं." एवढंच.

चाळीस वर्षं लिफ्ट तपासल्या, त्याच्या आठवणी. नऊ वर्षं लिहितायत. ताईनं छापखान्यात शब्दही टाकून ठेवलाय — महिनाअखेर मजकूर द्यायचा.

आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. "होतं असं," म्हणाले आणि पेपर उघडला.

६ मार्च

ताईचा फोन. "बघून पुसायला काय झालं होतं? कवळ्या करताना बघतेस ना, कुणाचे दात कुणाचे ते?"  

७ मार्च

दातांच्या लॅबमधून सुटल्यावर डिस्क घेऊन कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात. चपलांच्या दुकानावर एक खोली, भिंतभर उघडे पडलेले कॉम्प्युटर. मालकाला सगळे डॉक्टर म्हणतात. चेहराही तसाच — आधी वाईट बातमी, मग बाकीचं.

"पुसल्यावर वापरलात का?"

वापरला. दोन दिवस त्यातच तर शोधत होते. ते चुकचुकले. "पुसलेलं लगेच जात नाही मॅडम. जागा रिकामी म्हणून नुसती पाटी लागते. पण नवीन काही आलं की ते जुन्याच्या उरावर बसतं." म्हणजे शोधता शोधता मीच आणखी गाडलं!

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "कशाला एवढा खटाटोप? गेलं तर गेलं." मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतायत. त्यानं जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ मार्च

अजून काही नाही. दिवसभर लोकांचे दात घासून माझेच झिजायची वेळ आली.

१० मार्च

चार हजार तुकडे निघाले. नावं गेलीत, नुसते आकडे. "वाचून तुम्हीच ओळखा," म्हणाले डॉक्टर. एक स्टूल आणि एक स्क्रीन दिली.

विजेची बिलं. कवळ्यांच्या ऑर्डरी. माझा जुना, न पाठवलेला राजीनामा — तो मात्र धडधाकट! ताईच्या लग्नातला फोटो, खालचा अर्धा राखाडी, नवरदेवाला धडच नाही. खूप दिवसांनी हसले. ताईला सांगायची सोय नाही.

१३ मार्च

रोज दोन तास तेच. डोळ्यांच्या खाचा झाल्या. ताईचा पुन्हा फोन — "बाबा नीट जेवत नाहीत म्हणे. कशामुळे ते कळतंय ना?" कळतंय गं बाई.

१५ मार्च

सापडलं.

एक नाही, एक्केचाळीस फाइली. सगळ्या पहिल्याच प्रकरणाच्या! दुसरं प्रकरण नाहीच. सुरुवात दर वेळी वेगळी, भाषा दर वेळी घोटलेली, आणि शेवट एकच — 'त्या मंगळवारी मी त्या इमारतीत तपासणीला गेलो.' तिथं थांबलंय. चाळीस वेळा.

ती इमारत मला माहीत आहे. मी आठवीत होते. दोर तुटून लिफ्ट कोसळली, लिफ्टमन गेला. त्याआधी दोनच आठवडे बाबांनी तपासून सही दिली होती. चौकशी झाली, बाबांवर काही आलं नाही. 'दोर अचानक तुटू शकतो' असं ठरलं.

एक्केचाळिसावी पुढं जाते. तीनच वाक्यं.

'त्या मंगळवारी मी वर यंत्राच्या खोलीत गेलोच नाही. गुडघा दुखत होता. दोर न बघता खाली चौकीदाराच्या टेबलावर सही केली.'

मी वाचत बसले होते. डॉक्टर मागून म्हणाले, "मॅडम, एक विचारू? तुम्ही साफसफाई रविवारी केलीत ना? ह्या सगळ्या एक तारखेलाच कचरापेटीत गेल्यात. पेटीची नोंद मिळाली. शेवटची लिहिलीय सकाळी अकरा पाचला. अकरा वीसला सगळ्या एकदम टाकल्यात."

एक तारीख, गुरुवार. सकाळी अकराला मी लॅबमध्ये असते. घरी फक्त बाबा.

मी रविवारी नुसती पेटी ओतली.

१६ मार्च

 पोळ्या केल्या, वाढल्या, ताटं उचलली. त्यांनी विचारलं, "काय म्हणतायत तुझे डॉक्टर?" म्हटलं, "बघतायत."

दहा दिवस! दहा दिवस ताई माझ्यावर तोंडसुख घेत होती आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. डोक्यात सणक गेली. पण मग ती बाई आठवली. लिफ्टमनची बायको. अपघातानंतर एकदा घरी आली होती. भांडायला नाही, नुसतं विचारायला — "साहेबांनी दोर बघितला होता ना?" मी पाणी दिलं. बाबा आतल्या खोलीत होते. बाहेर आलेच नाहीत. आई म्हणाली, बघितला होता. ती मान हलवून गेली.

आता आई नाही. ती बाई आहे की नाही, कोण जाणे. हे सगळं कुणापुढं ठेवू? ताईपुढं? तिनं प्रकाशनाला बोलावायच्या पाहुण्यांची यादीसुद्धा केलीय.

थकले आहे. राग धरायलाही अंगात जोर लागतो.

१७ मार्च, शनिवार

दुपारी बाबांच्या समोरच ताईला फोन लावला. म्हटलं, "नाही सापडलं. डॉक्टरांनी हात टेकले. चूक माझीच."

ताई सुरू झाली. बाबा खुर्चीतून उठले. माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"तिनं नाही, मी पुसलं," म्हणाले. "का ते सांगतो. तू आधी खाली बस."